मीटर रीडिंग

माझ्या वहीत ते चर्च नाही,
एक ग्राहक क्रमांक आहे.
पाऊण इंची जोड. मागील नोंद: कुलूप.
त्याच्याही मागील नोंद: कुलूप.

आज फाटक उघडं होतं.
एप्रिलचे साडेअकरा. सोलापुरात या वेळी
कुत्रीसुद्धा आपली सावली अंगाखाली घेऊन बसतात.
दगडी कमानीतून आत पाऊल टाकलं
आणि कुणी खांद्यावर ओला पंचा ठेवावा
तसा गारवा.

माणूस कुणी नाही. बाकं,
टेकलेल्या हातांनी एकेका जागी उजळलेली.
उंच छतापासून लांबलचक दांड्यांवर
लोंबणारे पंखे, आणि समोर
लाकडी फळ्यावर आकडे:
१४२
३७
२०९
मी सवयीनं उतरवून घेतले.

"ती गाण्यांची हायत, रविवारची,"
मागून आवाज आला.
"मीटर पलीकडं हाय. मातीत."

एस्तेरबाई भिंगारदिवे.
हातात खराटा, पदर कानामागून घट्ट.
नवरा इथं राखण करायचा,
आता तो राखणीतला झालाय, तिसऱ्या रांगेत,
म्हणून ही.

चर्चच्या भिंतीला लागूनच दफनभूमी.
कडुनिंबाची फुलं पडून वाटा पिवळसर झालेल्या.
मीटर दोन थडग्यांच्या मध्ये; मी वाकलो.
"जपून, डावीकडं बाळ हाय."

एक वर्ष, सात महिने. इंग्रजी अक्षरं.
आईबाप समुद्र ओलांडून आलेले,
उन्हाळा तेवढा इथला.

उजवीकडं मराठी:
प्रभुदास शांतवन, जॉबर.
खाली कोरलेला एक धोटा,
आणि पाथरवटानं 'निद्रिस्त'चं केलेलं 'निद्रिस्थ'.
चाळीस वर्षं झाली,
दुरुस्तीसाठी कुणी त्याला उठवलेलं नाही.

धोटा मी ओळखला. साखर पेठेत
धोटा न ओळखणारं पोर जन्मत नाही.
बाप सांगायचा, तिसऱ्या पाळीत एकदा
सुटलेला धोटा सरळ त्याच्याकडं आला,
आणि जॉबरनं मान धरून खाली दाबली.
जॉबरचं नाव बाप सांगायचा. प्रभुदासच म्हणायचा बहुतेक.
की प्रभाकर?
विचारायला बाप नाही,
आणि त्याला आम्ही जाळलं;
त्याचा दगड नाही,
चुकायला अक्षरसुद्धा नाही.

मी मानेवरून हात फिरवला. घाम होता.

अर्ज काढला. त्यात रकाना असतो.
"वापरणारी माणसं किती?"
"वरची का खालची?"
ती हसली नव्हती.
खराटा भिंतीला लावून खरंच मोजायला लागली,
बोटांच्या पेरांवर, रांगेरांगेनं, नावानिशी:
रूथबाई, मग तिचे दोघे, मग ते शाळामास्तर,
मग तो, आमचा.
कोपऱ्यातल्या उंचवट्याशी आली नि थांबली.
"ही प्लेगातली. ह्यांचं मोजत न्हाईत."

मीटरची काच तिनं पदरानं पुसली.
काटा गप्प.
"पाणी कधी येतं?"
"पाचव्या दिवशी. रात्री अडीचला.
पण आधी हवा येती. लई वेळ नुसती हवा.
मीटर फिरतं, पाण्याचा पत्त्या न्हाई."
मला माहीत आहे. हवेचंही बिल लागतं,
लोक भांडायला येतात, आम्ही साहेबांकडं पाठवतो.
"मी उठून बसते तवा," ती म्हणाली.
"सगळ्या पाइपातनं एकदम कुणी सुस्कारा सोडावा,
तसं हुतं. भ्या वाटत न्हाई.
बादल्या लावायच्या असतात."

माणसं: १, असं लिहिलं.
मग एकाचं दोन केलं, का ते ठाऊक नाही.

निघताना तिनं माठातला तांब्या पुढं केला.
उभ्यानंच प्यायलो, घटाघट,
थोडं हनुवटीवरून मातीत सांडलं.
"असू द्या," ती म्हणाली,
"तिथं बी कुणीतरी हायच."